तेलकट जमिनीचा वाफसा

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला म्हणून जाणता शेतकरी लगेच पाभर जुंपीत नाही; तो बांधावर जातो, मूठभर माती उचलून दाबून पाहतो आणि ‘अजून वाफसा नाही’ एवढेच पुटपुटून माघारी फिरतो. जमिनीत ओल असावी पण चिखल नसावा, कणाकणांमधील पोकळीत पाण्याच्या जोडीला हवाही खेळती असावी, अशी जी नेमकी अवस्था तिला आपल्या कुणब्यांनी हे तीन अक्षरी नाव देऊन ठेवले आहे. आणि पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांसारख्या तेलांनी नासलेली जमीन व तिच्याखालचे पाणी सूक्ष्म जीवांच्या हातून शुद्ध करवून घेण्याचे जे शास्त्र गेल्या शतकात उदयास आले, त्याचे मर्मही मला याच एका शब्दात सापडते. ज्याला वाफसा कळला त्याला हे शास्त्र निम्मे कळले, आणि ज्याला तो कळला नाही त्याने जंतूंच्या कितीही बाटल्या विकत आणून ओतल्या तरी त्याची जमीन तेलकटच राहावयाची.

ज्याच्या विहिरीच्या पाण्याला एकाएकी रॉकेलचा वास मारू लागला आहे असा शेतकरी, ज्याच्या टाकीतील साठा व विक्री यांची रुजवात जुळेनाशी झाली आहे असा पंपचालक, कारखान्याच्या आवारातील काळ्या डागांची जबाबदारी ज्याच्या अंगावर येऊन पडली आहे असा अधिकारी, आणि या तिघांचे अर्ज ज्याच्या टेबलावर येतात तो ग्रामपंचायतीचा वा नगरपालिकेचा सेवक, अशा मंडळींना डोळ्यांपुढे ठेवून हा लेख लिहीत आहे. प्रयोगशाळेची सूक्ष्म कामे तज्ज्ञांनीच करावयाची; परंतु तज्ज्ञाला कोणता प्रश्न विचारावा, कंत्राटदाराच्या कोणत्या बोलण्यावर विश्वास ठेवावा आणि स्वतः काय करावे व काय करू नये, एवढे जाणून घेणे प्रत्येकाच्या आवाक्यातले आहे.

जंतू कोठून आणावयाचे?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘कोठूनही नाही’ असेच येते. खनिज तेल हे अतिप्राचीन काळच्या जीवांच्या अवशेषांपासून बनलेले द्रव्य आहे, आणि पृथ्वीच्या पाठीवर ते आपोआप झिरपत आले आहे. त्यामुळे त्यावर उपजीविका करणारे जीवाणू व बुरशी निसर्गात फार पूर्वीपासून आणि जवळजवळ सर्वत्र नांदत आहेत. क्लॉड झोबेल या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९४६ साली या विषयावरील तोवरच्या संशोधनाचा जो विस्तृत आढावा घेतला, त्यातच अशा जीवांची कितीतरी कुळे नोंदलेली आढळतात. सुपीक मातीच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जीवाणू असतात. त्यांतील तेलभक्षक एरवी मूठभरच असले, तरी जमिनीत तेल मुरले की अन्न मिळाल्यामुळे त्यांचीच संख्या झपाट्याने वाढते आणि इतरांची मागे पडते.

हे जीव तेलाचे काय करतात? तेलाचा रेणू म्हणजे कार्बनच्या अणूंची साखळी वा कडे. जीवाणू आपल्या विकरांच्या साह्याने त्या साखळीच्या टोकाशी प्राणवायूचा अणू बसवतात, तिचे आम्लात रूपांतर करतात आणि मग ती आम्लाची साखळी दोन-दोन कार्बनच्या तुकड्यांनी कुरतडत जाऊन अखेर कर्बवायू, पाणी आणि स्वतःची वाढती प्रजा एवढेच मागे ठेवतात. सरळ साखळीचे रेणू त्यांना सर्वांत सोपे, फाट्यांचे त्याहून अवघड, बेन्झीनसारखी कडी असलेले वेगळ्या युक्तीने फोडावे लागणारे, आणि डांबरातील जड रेणू तर जवळजवळ अभक्ष्यच; तसे नसते तर आपले डांबरी रस्ते जंतूंनीच खाऊन टाकले असते. तेव्हा डिझेलने भिजलेल्या मातीकडून जी अपेक्षा करावी ती जुन्या इंधनतेलाच्या गाळाकडून करू नये, आणि गॅरेजमधील वापरलेल्या इंजिन तेलात जे शिसे, जस्त आदी धातू उतरलेले असतात त्यांच्याविषयी तर मुळीच करू नये, कारण धातू हे मूलद्रव्य असून त्याचे विघटन कोणत्याही जंतूच्या हातून होत नाही.

मग बाजारात मिळणाऱ्या जंतूंच्या पिशव्या निरुपयोगी समजाव्यात काय? या बाबतीत इतिहास मोठा बोधप्रद आहे. आनंदमोहन चक्रवर्ती या बंगाली शास्त्रज्ञाने अमेरिकेत तेलाचे अनेक घटक एकट्याने फस्त करू शकणारा सूडोमोनास जातीचा जीवाणू तयार केला, आणि सजीवावर पेटंट देता येते की नाही हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९८० साली पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने निकाल लागला. कायद्याच्या ग्रंथांत तो जीवाणू अजरामर झाला, परंतु समुद्रावर वा शेतात सांडलेले तेल साफ करण्याच्या प्रत्यक्ष कामावर त्याची नेमणूक काही झाली नाही. पुढे २४ मार्च १९८९ रोजी ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ हे जहाज अलास्काच्या खडकावर आपटून सुमारे ४ कोटी लिटर कच्चे तेल सांडले, तेव्हा किनाऱ्यावरील गोट्यांवर नायट्रोजन व फॉस्फरसयुक्त खते शिंपडण्यात आली आणि तेथल्याच जंतूंचे काम स्पष्टपणे वेगाने होऊ लागले. त्यानंतरच्या वर्षी बाजारी जंतूंची दोन उत्पादने त्याच किनाऱ्यावर रीतसर पारखून पाहिली असता त्यांचा म्हणण्यासारखा अधिक लाभ आढळला नाही. आणि या कथेचा शेवट असा की, पृष्ठभागाखाली काही बोटे खोल, जेथे हवा व पोषक द्रव्ये पोहोचत नव्हती तेथे, तेच तेल दोन दशकांनंतरही उकरले असता जसेच्या तसे सापडत होते. जंतू सर्वत्र होते. कमतरता वाफशाची होती.

आपल्याकडे टेरी या संस्थेने तेलभक्षक जीवाणूंचा जो समूह ‘ऑइलझॅपर’ या नावाने विकसित केला, तो मक्याच्या कणसाच्या दांड्याच्या भुकटीत मिसळून पाठविला जातो, आणि त्याच्या वापरासाठी २००७ साली ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीच्या भागीदारीत स्वतंत्र कंपनीही स्थापन झाली. तेलशुद्धीकरण कारखान्यातील गाळाच्या खड्ड्यांसारख्या ठिकाणी, जेथे तेल अफाट, माती जवळजवळ नाहीच आणि मूळचे जंतू क्षीण, तेथे असे विरजण लावण्याला अर्थ आहे. परंतु विरजण लावले तरी दूध कोमट हवे, हे ज्या घरात ठाऊक आहे त्या घराला अधिक सांगणे नलगे.

प्राणवायूचा जमाखर्च

हे सारे काम कशावर अडते, हे एका साध्या हिशेबाने ध्यानात येईल. एक किलो बेन्झीनचे पूर्ण ज्वलन, मग ते चुलीत होवो की जंतूच्या पोटात, व्हावयाचे तर त्याला सुमारे ३ किलो प्राणवायू लागतो. हवेशी पूर्ण संपर्कात आलेल्या पाण्यात, आपल्याकडील उष्णमानाला, लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. म्हणजे केवळ पाण्यातून हा पुरवठा करावयाचा झाल्यास त्या एका किलोसाठी पावणेचार लाख लिटर, अर्थात दहा हजार लिटरचे अडतीस टँकर, ताजे पाणी जमिनीत जिरवावे लागेल! उलट तोच प्राणवायू हवेतून दिला तर एखाद्या लहानशा न्हाणीघरात मावेल एवढी, अकरा घनमीटर हवा पुरते. जंतू आपल्या शरीरवाढीसाठी काही कार्बन राखून ठेवतात म्हणून प्रत्यक्षात खर्च थोडा कमी येतो. परंतु प्रमाण हेच. तेव्हा ‘हवेचा मार्ग मोकळा ठेवा’ हा या शास्त्राचा पहिला मंत्र होय, आणि भूजलाची शुद्धी मातीच्या शुद्धीहून इतकी दीर्घसूत्री का होते याचे उत्तरही याच जमाखर्चात आहे.

पहिले काही दिवस

जंतूंचा विचार करण्याआधी चार कामे विनाविलंब उरकली पाहिजेत. पहिले, गळती थांबविणे. टाकीच्या डिपची, म्हणजे पट्टी बुडवून मोजलेल्या साठ्याची, नोंद व विक्रीचे आकडे तारीखवार ताडून पाहावेत, आणि शंका येताच त्या टाकीचा वापर बंद ठेवावा. उगम चालू असता शुद्धीकरण करणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे होय.

दुसरे, जीव सांभाळणे. पेट्रोलची वाफ हवेहून कितीतरी जड असल्याने ती विहिरीत, तळघरात, गटारात खाली साचून राहते. अशा विहिरीत कोणाही इसमाने उतरू नये, तिच्या काठी बिडी ओढू नये, कंदील वा काडी पेटवून आत डोकावू नये आणि विजेचा पंप चालू करू नये. पाणी पिणे त्या क्षणापासून बंद करावे. तुरटीने वा गाळण्याने ते शुद्ध होत नाही, आणि उकळल्याने तर पाण्यातील बेन्झीन स्वयंपाकघराच्या हवेत उतरते. पिण्याच्या पाण्यातील बेन्झीनची जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग, एवढी सूक्ष्म आहे, की नाकाला बेन्झीन जाणवण्यापूर्वीच ती कितीतरी पटींनी ओलांडलेली असते. म्हणून ‘आता वास येत नाही’ हा पुरावा धरू नये.

तिसरे, दप्तरी नोंद. पेट्रोलच्या साठ्याचे परवाने ज्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेकडून मिळतात तिचे मुख्यालय नागपुरासच आहे. तिला, तेल कंपनीला, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि तहसील कचेरीला लेखी कळवावे, रीतसर पंचनामा करून घ्यावा आणि त्या दिवशीच्या पाण्याचे सीलबंद नमुने प्रयोगशाळेकडे पाठवावेत. पुढे नुकसानीचा वाद उपस्थित झाला तर पहिल्या आठवड्यातील हे कागदच कामास येतात. तेलाने भरलेली माती उकरून रातोरात दुसऱ्याच्या पडीक जमिनीत वा ओढ्याकाठी टाकण्याचा मोह कोणालाही होऊ नये. तेलयुक्त अवशेष २०१६ च्या घातक कचऱ्याविषयीच्या नियमांखाली येतात, आणि मंडळाच्या परवानगीवाचून त्यांची वाहतूक व विल्हेवाट करता येत नाही.

चौथे, पाण्यावर तरंगणारे तेल काढून घेणे. जीवाणू तेलाच्या थरात राहत नाहीत, ते तेल आणि पाणी यांच्या सीमेवर काम करतात. त्यामुळे बोटभर जाडीचा तवंग तसाच ठेवून जंतूंवर भिस्त टाकणे म्हणजे अन्नाच्या डोंगराखाली मुंगीला गाडण्यासारखे आहे. हे काम ज्वालाग्राही द्रव्यांत वाकबगार असलेल्या परवानाधारकांकडूनच करून घ्यावे.

जमिनीची पत्रिका

आता जमीन कोणत्या जातीची आहे ते पाहावे, कारण उपायाची निवड बहुतांशी त्यावरच ठरते. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग बेसाल्टच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. त्यावर कोठे मुरूम, कोठे हातभर तर कोठे पुरुषभर काळी माती. काळी माती ओली झाली की फुगून हवेचे सारे मार्ग बंद करते आणि उन्हाळ्यात भेगाळून तेलाला थेट खाली जाण्यास वाटा करून देते. मुरूम हवेला व पाण्याला सारखाच मोकळा. आणि पाषाणातील पाणी तर फटींतून व सांध्यांतून वाहणारे, त्यामुळे पंपाशेजारची विहीर निर्मळ राहावी आणि दोन शेते पलीकडची नासावी असे प्रकार येथे घडू शकतात. जुन्या विहिरी खोदणारे गावातील वयस्क मजूर झऱ्यांच्या दिशा सांगू शकतात, त्यांना अवश्य विचारावे. भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेकडील नोंदीही पाहाव्यात. परंतु प्रवाहाची दिशा निश्चित करण्यासाठी एका रेषेत नसलेल्या किमान तीन निरीक्षण-विहिरी घेऊन त्यांतील पाण्याची पातळी मोजणे हाच खरा मार्ग होय. पाषाणाच्या प्रदेशात तीनही पुरत नाहीत.

मातीच्या तपासणीत एकूण तेलाचे प्रमाण, बेन्झीन व त्याची भावंडे टोल्यूईन, एथिलबेन्झीन आणि झायलीन, आम्लता-क्षारता, ओलावा, नायट्रोजन, फॉस्फरस, जड धातू आणि तेलभक्षक जीवाणूंची संख्या एवढा तपशील मागावा. ग्रॅममागे हजाराहून अधिक तेलभक्षक असतील तर विकतच्या जंतूंवर खर्च करण्याचे कारण उरत नाही. तेल वजनाच्या ५ टक्क्यांहून अधिक असेल तर मात्र ते जंतूंनाच जाचक ठरू लागते.

उकरलेल्या मातीची मशागत

डिझेल वा तत्सम मध्यम जातीच्या तेलाने भिजलेली माती उकरून निघण्यासारखी असेल, तर तिची मशागत हा सर्वांत साधा व अल्पखर्ची उपाय आहे. जाड, न झिरपणारे प्लॅस्टिकचे अस्तर अंथरून कडेने बांध घालावा, पडणारे पाणी एका खड्ड्यात गोळा होईल असा उतार द्यावा आणि त्यावर माती फूटभर जाडीने पसरून ठरावीक मुदतीने कुळवाच्या वा रोटाव्हेटरच्या पाळ्या द्याव्यात. शंभर टन माती अशी पसरावयास सुमारे दोन गुंठे जागा पुरते. माती चिकण असेल तर भाताचे तूस, उसाची चिपाडे किंवा चांगले कुजलेले शेणखत मिसळून ती भुसभुशीत करावी. पेट्रोलने भिजलेल्या मातीला हा उपाय करू नये. कारण पेट्रोलचा हलका भाग जंतूंच्या तोंडी लागण्याआधीच उडून जाईल, आणि जमिनीतील विष शेजाऱ्यांच्या हवेत सोडल्याचे पाप मात्र पदरी पडेल.

खताचा हिशेब असा. शंभर टन मातीत १ टक्का डिझेल आहे असे धरू. म्हणजे तेल एक टन आणि त्यातील कार्बन सुमारे ८५० किलो. कार्बन १०० भाग असता नायट्रोजन १० व फॉस्फरस १ भाग हे प्रमाण कमाल समजले जाते. त्यानुसार ८५ किलो नायट्रोजन आणि साडेआठ किलो फॉस्फरस लागेल. युरियात नायट्रोजन ४६ टक्के असतो, तेव्हा युरिया १८५ किलो, म्हणजे ४५ किलोच्या चार गोण्यांहून किंचित अधिक. आणि सिंगल सुपर फॉस्फेट सुमारे १२० किलो, म्हणजे ५० किलोच्या अडीच गोण्या. परंतु हा सर्व शिधा एकदम वाढू नये. खतांतील क्षारांनी व युरियापासून निघणाऱ्या अमोनियाने जंतू गुदमरतात, आणि जादा नायट्रेट पावसाबरोबर झिरपून विहिरीत उतरते. म्हणून प्रथम निम्म्याहून कमी मात्रा पाण्यात कालवून मातीत नीट मिसळावी, आणि पुढील मात्रा तपासणीचे आकडे पाहूनच द्याव्या.

ओलाव्यासाठी मुठीची पारख अजूनही उत्तम. मूठ दाबल्यावर गोळा व्हावा, बोटांतून पाणी निथळू नये आणि अंगठ्याने ढकलताच गोळा फुटावा. शास्त्रज्ञ जलधारणशक्तीच्या ४० ते ८५ टक्के म्हणून जे सांगतात ते बव्हंशी हेच. उष्णमानाच्या बाबतीत दैव आपल्याला अनुकूल आहे. दहा ते पंचेचाळीस अंशांच्या दरम्यान प्रत्येक दहा अंशांमागे जंतूंचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि अलास्काच्या किनाऱ्यावर जे काम थंडीने रखडते ते विदर्भात रखडण्याचे कारण नाही. आपला शत्रू वेगळा आहे. वैशाखात माती कोरडी ठणठणीत होऊन जंतू निद्रिस्त होतात, आणि आषाढात तीच माती तुडुंब होऊन प्राणवायूवाचून तडफडतात. म्हणून उन्हाळ्यात शिंपण आणि पावसाळ्यात आच्छादन या दोन गोष्टींची तरतूद अंदाजपत्रकात आधीच करून ठेवावी. कोकणात तर छपरावाचून हे काम हातीच घेऊ नये.

जागा अपुरी असेल तर पसरण्याऐवजी एक ते तीन मीटर उंचीचा ढीग रचून त्याच्या पोटात भोके पाडलेल्या नळ्या बसवाव्यात व पंख्याने हवा खेळवावी. वरून आच्छादन घातल्याने पाऊस व वाफ दोन्ही आवरतात, आणि बाहेर ओढलेली हवा कोळशाच्या गाळणीतून सोडता येते. दोन्ही रीतींत सहा महिने ते दोन वर्षे हा अवधी सामान्यतः लागतो. ‘पंधरा दिवसांत जमीन स्वच्छ’ असे कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

न उकरता

तेल खोल गेले असेल, वर इमारत वा पंप उभा असेल, तर जमिनीतच हवा पोहोचवावी लागते. पाण्याच्या पातळीवरील कोरड्या थरात बोअर घेऊन मंद गतीने हवा सोडणे ही पद्धत अमेरिकन हवाई दलाने १९९० नंतरच्या दशकात आपल्या तळांवरील शंभराहून अधिक ठिकाणी आजमावून प्रस्थापित केली. हवेची गती मुद्दाम मंद ठेवतात, कारण हेतू तेल उडवून लावण्याचा नसून जंतूंना श्वास पुरविण्याचा असतो; शिवाय वेगाने सोडलेली हवा पेट्रोलची वाफ ढकलीत शेजारच्या तळघरात नेऊन घालण्याचा धोका असतो. मुरमाड जमिनीत हा उपाय उत्तम चालतो, भरीव काळ्या मातीत तो फसतो.

या पद्धतीतील एक चाचणी वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावी. तेलकट जमिनीतील हवा ओढून तीतील प्राणवायू मोजला, आणि तो वातावरणातील २१ टक्क्यांऐवजी ५ टक्क्यांच्या खाली आढळला, तर याचा अर्थ जंतू तेथे आहेत, भुकेलेले नाहीत, पण गुदमरलेले आहेत. मग एक-दोन दिवस हवा सोडावी, पंखा बंद करावा आणि प्राणवायू किती वेगाने उतरतो ते तासातासाने पाहावे. शेजारच्या स्वच्छ जमिनीत तो जवळपास स्थिर राहतो, आणि तेलकट जमिनीत भराभर घटतो. जमीन आपल्या श्वासानेच साक्ष देते, आणि जंतू विकत घ्यावयाचे की नाही याचा निवाडा त्या साक्षीवर करावा.

पाण्याच्या पातळीखाली हवा वा प्राणवायू देण्याचे काम याहून कठीण. रिचर्ड रेमंड या अमेरिकन संशोधकाने १९७२ साली पेनसिल्व्हेनियातील अँब्लर येथे नळवाहिनीतून सांडलेल्या पेट्रोलवर विहिरींतून हवा आणि नायट्रोजन-फॉस्फरसचे क्षार सोडून हा मार्ग प्रथम दाखविला. पाण्याखाली सोडलेली हवा बुडबुड्यांच्या वाटेने सुटेल तिकडे सुटते. पाषाणाच्या फटींत ती कोठून वर येईल याचा भरवसा नसतो, म्हणून लहान प्रमाणावर चाचणी केल्याविना पूर्ण योजनेला मंजुरी देऊ नये.

भूजल आणि धीर

प्राणवायू संपला म्हणजे सारे संपले असे मात्र नाही. तो संपताच जीवाणूंची दुसरी कुळे पुढे येतात, आणि प्रथम नायट्रेट, मग मँगनीज व लोह, मग सल्फेट यांच्या आधारे श्वास घेतात. तेही सरले की मिथेन निर्माण करणारे उरतात. ही मंडळी सावकाश काम करतात, पण करतात. मिनेसोटातील बेमिड्जी गावाजवळ २० ऑगस्ट १९७९ रोजी नळवाहिनी फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चे तेल सांडले आणि साफसफाईनंतरही सुमारे ४ लाख लिटर जमिनीत राहिले. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने १९८३ पासून त्या जागेची प्रयोगशाळाच करून टाकली आहे. बेन्झीन व त्याच्या भावंडांचा पाण्यातील पसारा जंतूंच्या कामामुळे आवरला जातो हे तेथे सिद्ध झाले, आणि मूळ तेल काढल्याशिवाय त्याचा उगम मात्र दशकानुदशके आटत नाही हेही. कॅलिफोर्नियातील गळक्या टाक्यांच्या १९९५ सालच्या पाहणीत बेन्झीनचा पट्टा बहुतेक ठिकाणी अडीचशे फुटांच्या आतच थांबलेला आढळला होता. परंतु ती जमीन प्रायः गाळाची व वाळूची, आणि तो आकडा आपल्या बेसाल्टच्या फटींना लावून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे.

म्हणून निसर्गावर सोपवावयाचे तेही पहारा ठेवून सोपवावे. विहिरीचे पाणी काढताना नितळ असून तासाभरात तांबूस होत असेल, तर लोहावर श्वास घेणारे जंतू खाली कामाला लागल्याचे ते एक लक्षण असू शकते; त्याच्या जोडीला नायट्रेट व सल्फेट घटलेले आणि मिथेन वाढलेला दिसला तर अनुमान पक्के होते. आपल्याकडे पावसाळ्याने पातळी काही मीटर वर येते व उन्हाळ्यात उतरते, आणि तिच्याबरोबर तरंगते तेल खालीवर होऊन सबंध थराला माखते; म्हणून केवळ वैशाखातील निर्मळ अहवालावर विसंबू नये, आश्विनातही नमुना घ्यावा, आणि असे लागोपाठ दोन-तीन वर्षे करावे.

आकड्यांची खातरजमा

शेवटचा मुद्दा प्रामाणिकपणाचा. तेलकट मातीत चांगली माती मिसळली की आकडा निम्म्यावर येतो आणि तेल तेवढेच राहते; ऊन लागले की हलका भाग उडतो आणि श्रेय जंतूंना मिळते. याला उतारा असा की, एक पट्टा मशागत व खताविना तसाच राखून ठेवावा, नमुने प्रत्येक वेळी त्याच आखलेल्या चौकटींतून अनेक ठिकाणचे घ्यावेत आणि त्यांची छाननी काम करणाऱ्या कंत्राटदाराशी लागेबांधे नसलेल्या प्रयोगशाळेकडून व्हावी. कच्च्या तेलाच्या बाबतीत होपेन नावाचा एक रेणू मोठा उपयोगी पडतो. तो जंतूंच्या दातांना सहसा बधत नाही, म्हणून त्याच्या तुलनेत इतर घटक किती घटले हे पाहिले की विघटन आणि पातळ करणे यांतील भेद उघड होतो. जाता जाता मूग किंवा मेथीचे शंभर दाणे शुद्ध होत आलेल्या मातीत आणि शंभर दाणे चांगल्या मातीत पेरून उगवण मोजावी. हा दाखला न्यायालयात चालणार नाही, पण घरधन्याच्या मनाला पटेल.

योजनेचा कागद घेऊन कंत्राटदार दारी येईल तेव्हा जंतूंचे लॅटिन नाव, त्यांची कोटींतली संख्या, परदेशी प्रमाणपत्र असा पुष्कळ तपशील तो आपणहून सांगेल. ते सारे शांतपणे ऐकून घ्यावे, आणि मग चारच प्रश्न विचारावेत: उगम बंद झाला काय, तरंगते तेल निघाले काय, न हाताळलेला पट्टा कोठे राखला आहे, आणि या जमिनीत हवा कोणत्या वाटेने व रोज किती जाणार? चौथ्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी आकड्यांत असेल त्याच्याशीच करार करावा. ज्याच्यापाशी ते नसेल, त्याला आपल्या गावच्या एखाद्या जुन्या कुणब्याकडे पाठवावे. बांधावर उभा राहून, मूठभर माती दाबून, अजून पेरायचे का नाही हे तो त्याला समजावून देईल.